तीन महिन्यांची नोकरी लपवावी का?

प्रश्न : पुण्यात एका आयटी कंपनीत लागलो. तिसऱ्याच महिन्यात, प्रोबेशनवर असताना, प्रोजेक्ट बंद झाला म्हणून काढलं. बायोडेटात ही नोकरी लिहू की गाळू?

उत्तर : तिथे पीएफ कापला गेला असेल, तर गाळू नका. ईपीएफओच्या पोर्टलवर तुमच्या यूएएनखाली सगळं दिसतं : कंपनीचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. नवी कंपनी पडताळणीत अनेकदा हेच मागते. तीन महिन्यांच्या नोकरीमुळे सहसा ऑफर जात नाही. ती लपवली हे कळलं तर जाऊ शकते. सोडल्याची तारीख भरली आहे ना, हे आजच बघा. कंपनीने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः भरता येते. रिलीव्हिंग लेटरही मागून घ्या. त्यात कारण लिहून मिळालं तर फारच उत्तम.

मुलाखतीत एवढंच बोला : ‘प्रोजेक्ट बंद झाला, त्यात माझी नोकरी गेली. तेवढ्या काळात अमुक काम केलं.’ आणि थांबा. जुन्या मॅनेजरवरचा राग, कितीही रास्त असला तरी, तिथे काढू नका. ‘मीच राजीनामा दिला’ असं मात्र मुळीच सांगू नका. जुन्या एचआरला एक फोन गेला की ते उघडं पडतं.