गाडीचा गेलेला तजेला

पूर्वी गावात गाडी म्हटली की बैलगाडी. तिच्या आखाला वंगण घातले की काम भागत असे. आता गावोगावी मोटारी आल्या आहेत. कोणाची वडापाची जीप आहे, कोणाचा भाजीचा टेम्पो आहे, कोणी शहरातून जुनी मोटार विकत आणली आहे. इंजिनाची काळजी सगळे घेतात. ते बंद पडले तर धंदा बंद पडतो. रंगाकडे मात्र लक्ष जाते ते एकदम दसऱ्याला. तोवर टप पांढुरका झालेला असतो. बॉनेटवर कावळ्यांच्या शिटेचे डाग असतात. दारावर बाभळीच्या काट्यांचे ओरखडे असतात. मग पेंटरकडे धाव घ्यायची, आणि पेंटर म्हणतो, सगळी गाडी रंगवा.

पुष्कळदा त्याची गरज नसते. आहे तोच रंग पुन्हा उजळता येतो. पण काम हात राखून करायचे आहे. घाई केली तर आहे तो रंगही हातचा जातो. म्हणून गाडीचा रंग म्हणजे काय, ते आधी पाहू या.

हे पुस्तक तुमच्या हातात आहेच. त्याचे दहा कागद चिमटीत धरा. दहा कागद मिळून जवळजवळ १ मिलीमीटर जाडी होते. म्हणजे एक कागद मिलीमीटरचा दहावा भाग. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण या एका कागदाइतके जाड असतात! बस, एवढेच. पत्रा आणि पाऊस यांच्यामध्ये एका कागदाची भिंत.

या एका कागदातही थर आहेत. पत्र्यालगत गंज रोखणारे अस्तर. त्यावर प्रायमर. त्यावर प्रत्यक्ष रंग, तांबडा, निळा, जो असेल तो. अलीकडच्या बहुतेक गाड्यांवर सर्वांत वर काचेसारखा बिनरंगाचा थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो कागदाच्या अर्ध्याहूनही कमी जाड असतो. ऊन, पाऊस, धूळ हे सगळे तोच सोसतो. त्यात उन्हापासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. आपण पॉलिश करतो ते याच थरावर. आणि हे लक्षात ठेवा, पॉलिश करणे म्हणजे हा थर किंचित घासून कमी करणे. घासलेले परत येत नाही.

मोटारीच्या रंगाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या मोटारींना ब्रशाने व्हार्निश देत. थरावर थर वाळायला आठवडे लागत. १९२३ साली अमेरिकेत ड्यूको नावाचा, फवाऱ्याने मारायचा आणि लवकर वाळणारा रंग निघाला. तेव्हापासून गाड्या भराभर रंगू लागल्या. आपल्याकडचे जुने पेंटर अजून 'ड्यूको मारतो' म्हणतात, ते त्यावरून.

आता चमक जाते कशाने? विहिरीचे पाणी शांत असले की त्यात तोंड दिसते. वारा आला, पाणी हलले, की तोंड मोडते. पाणी तेच, पण वरचा भाग सपाट राहिला नाही. रंगाचेही तसेच. वरचा थर गुळगुळीत असला की उजेड सरळ परततो, गाडी चमकते. बारीक ओरखडे पडले की उजेड चहूकडे फाकतो, गाडी मळकी दिसते.

ओरखडा म्हणजे एक बारीक सरी समजा. पॉलिशने ती सरी भरत नाही. दोन्ही बाजूंचे वरंबे खाली आणून रान सपाट करतो, तसे आपण आजूबाजूचा थर थोडा उतरवतो. सरी उथळ असेल तर सपाट होईल. खोल असेल तर तिच्यापायी सगळे रान खणण्यात शहाणपण नाही.

खोली कशी ओळखावी? आधी गाडी धुवा. मग ओरखड्यावरून आडवे नख हलकेच फिरवा. नख अडकले नाही तर तो ओरखडा बहुधा पॉलिशने जाईल. नख अडकले तर पुरता जाणार नाही, फार तर बोथट होईल. आत पांढुरके अस्तर किंवा पत्रा दिसत असेल तर पॉलिशचा विषयच संपला. आणि क्लिअर कोट खपल्यांसारखा सुटत असेल, उन्हाने सोललेल्या कातडीसारखा, तर त्याला कोणतेही पॉलिश चालत नाही. तो भाग रंगवावाच लागतो. दुकानदार काही का सांगेना.

जुन्या, एकाच थराच्या रंगाची ओळखही सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर क्लिअर कोट नाही. रंगच वर आहे. अशा गाडीचा टप उन्हाने खडूसारखा होतो, हात लावला तर बोट पांढुरके होते. असा टप मात्र पॉलिशने फार छान उजळतो. वरची मेलेली भुकटी निघते आणि खालचा ताजा रंग दिसतो.

आता धुण्याकडे येऊ. अर्धी गाडी धुताना खराब होते, म्हणून इथे थोडे थांबू.

आमच्या गावात एक वडापवाला आहे. तांबडी जीप. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने ती भांड्यांसारखी घासली. राख, काथ्या आणि कपड्यांचा सोडा. दुसऱ्या दिवशी हार घालून पूजा झाली, आणि उन्हात जीप पाहिली तर सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. तो आमच्याकडे आला.

"गुरुजी, पेंटर एका बैलाची किंमत मागतोय. आता काय करू?"

आम्ही म्हटले, "आधी काथ्या चुलीत घाल. मग बोलू."

ते काम पुढे तीन दिवस चालले. बॉनेट आणि दारे पुष्कळ सुधारली. टपावरच्या काही रेघा मात्र राहिल्या, त्या राहू दिल्या. बैल वाचला.

गाडीवरची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात वाळूचे बारीक कण असतात, आणि ते रंगापेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याने धूळ झटकली की प्रत्येक कण रेघ ओढत जातो. पिसांच्या झटकण्यानेही तेच होते. म्हणून आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. फडके शाम्पूत बुडवावे, थोडा भाग पुसावा, मग दुसऱ्या बादलीत खळबळून पुन्हा शाम्पूत बुडवावे. टपापासून खाली यावे. चाकांचे फडके वेगळे, आणि चाके सर्वांत शेवटी. गाडी सावलीत असावी आणि पत्रा थंड असावा. बोटातली अंगठी, हातातले कडे काढून ठेवावे.

बोअरच्या पाण्याने धुतले तर गाडी लगेच पुसून कोरडी करा. त्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जाते आणि पांढरे ठिपके राहतात. ठिपके ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि तितकेच पाणी एकत्र करून फडक्याने लावा, मिनिटभराने स्वच्छ धुवा. तापलेल्या पत्र्यावर हा प्रयोग करू नये.

पक्ष्यांची शिट तर रंगाची वैरीण आहे. ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी असते, आणि उन्हात वाळताना रंगाला ओढते. दिसली की त्याच दिवशी काढावी. खरवडायचे नाही. ओले फडके तिच्यावर पाच मिनिटे ठेवावे, ती मऊ होते, मग अलगद उचलावी. झाडाचा चीक, हळदीकुंकवाचे ओले बोट यांनाही तसेच लवकर धुवावे. हार तारेने बांधू नका, सुतळीने बांधा. गाडी चालली की तार हलते आणि घासते. देव सुतळीचा हारही घेतो.

रस्त्यावरच्या डांबराचे ठिपके साबणाने जात नाहीत. फडक्याच्या टोकावर थोडेसे रॉकेल किंवा टर्पेंटाइन घेऊन ते टिपावेत आणि लगेच शाम्पूने धुवावे. हे करताना जवळ विडीकाडी नको.

धुतल्यावर एक गंमत करून पाहा. हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घाला आणि बॉनेटवरून हलकेच फिरवा. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून कळते. रंगात रुतलेली घाण ती हीच. ती काढायला दुकानात खास क्लेचा गोळा मिळतो. तो लवचिक असतो. शाम्पूचे पाणी शिंपडून तो न दाबता सरकवावा, घाण त्याला चिकटते. गोळा मळून आतली स्वच्छ बाजू वर घ्यावी. जमिनीवर पडला तर मोह सोडून टाकून द्यावा, नाही तर खडे घेऊन तो गाडीवर फिरेल. आपल्या चिकणमातीने हे काम होत नाही, कोणी सांगितले तरी करू नका.

मग मुख्य काम. दुकानात तीन गोष्टी मिळतात आणि तिन्हींना लोक पॉलिशच म्हणतात. कंपाउंड जास्त कापते. पॉलिश कमी कापते. वॅक्स मुळीच कापत नाही, ते वरून बसते. डब्यावरचे नाव बहुधा इंग्रजीत असते. घरातल्या शाळकरी मुलाकडून ते वाचून घ्या आणि मगच पैसे द्या.

आधी वीतभर जागेवर प्रयोग करावा. सुरुवात सौम्य पॉलिशने. तेवढ्याने काम झाले तर कंपाउंड उघडूच नये. नाही झाले, तरच कंपाउंड घ्यावे आणि त्यानंतर पुन्हा पॉलिश करावे, कारण कंपाउंड स्वतःच्या बारीक रेघा मागे ठेवते. मऊ पॅडवर चार थेंब पुरतात. एका वेळी दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच भाग. उभे आडवे हात फिरवावेत, मग स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने पुसावे आणि उन्हाच्या तिरिपेत पाहावे. जमले तर पुढे सरकावे. हाताने एक बॉनेट करायला अर्धा दिवस जातो. जाऊ द्यावा.

गॅरेजातले गोल फिरणारे यंत्र झपाट्याने काम करते. तितक्याच झपाट्याने ते रंग तापवून जाळते. कडा, कंगोरे, दाराच्या धारा इथे रंग मुळातच पातळ असतो. तिथे आधी कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. गिरकी घेत डोलणारे दुसऱ्या जातीचे यंत्र मिळते, ते शिकाऊ हाताला बरे. काळ्या प्लास्टिकच्या भागांनाही पट्टी लावा. त्यांवर पॉलिश बसले की पांढरे डाग पडतात.

शेवटी वॅक्स. अगदी पातळ थर, सावलीत. पाणी त्यावर थेंब थेंब होऊन घरंगळते. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतो. ब्राझील देशातल्या एका ताडाच्या पानांवरचे ते मेण आहे. उन्हापासून पानातले पाणी राखण्यासाठी झाड ते तयार करते, आणि आपण ते गाडीला लावतो. वॅक्स काही आठवडे टिकते, मग पुन्हा लावावे लागते. त्याने काही कापले जात नाही, म्हणून वरचेवर लावायला हरकत नाही. कंपाउंड मात्र वरचेवर करू नये. दर दसऱ्याला कंपाउंड मारणारा गाडीवाला चार सणांत क्लिअर कोट संपवून बसेल.

यातच एक सावधगिरी. जुनी गाडी विकणारे काही लोक ओरखड्यांवर तेलकट वॅक्स फासतात. सरी तेलाने भरते आणि दिसेनाशी होते. दोन धुण्यांत ती पुन्हा वर येते. म्हणून जुनी गाडी संध्याकाळी किंवा पावसात पाहू नये. धुवून, कोरडी करून, उन्हात पाहावी.

पत्रा उघडा पडला असेल तर चमक विसरा, आधी गंज थांबवा. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू होतो. कोकणात खाऱ्या वाऱ्याने तो आणखी लवकर धावतो. वरून दिसणारा ठिपका लहान असतो, पण रंगाखाली तो पसरत जातो. बारीक पॉलिश पेपरने गंज पुरता काढावा, जागा कोरडी करावी, प्रायमरचा ठिपका द्यावा, वाळल्यावर रंगाचे दोन तीन पातळ थर द्यावेत. रंगाचा क्रमांक बहुतेक गाड्यांवर पट्टीवर किंवा चिठ्ठीवर लिहिलेला असतो. तोच दुकानात दाखवावा. हे बारीक काम घरी होते. फवाऱ्याचे काम मात्र घरात करू नये. हार्डनर घातलेल्या रंगाची वाफ फुप्फुसांना फार वाईट, तिने दमा जडतो. पेंटरनेही नुसता रुमाल न बांधता योग्य मुखवटा घालावा. आणि सगळ्या गाडीचा रंगच बदलायचा ठरला तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते.

काम झाले की एक चिठ्ठी लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. किती थर उरला हे डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या वर्षी आपल्याला, किंवा गाडी घेणाऱ्याला, चिठ्ठीवरूनच कळेल. चिठ्ठी अशी लिहावी :

दि. १२ जानेवारी. बॉनेट व टप : कंपाउंड एकदा, पॉलिश एकदा. उजवे दार : फक्त पॉलिश. डाव्या दाराच्या कडेला रंगाचा ठिपका दिला. सगळ्या गाडीला वॅक्स.