टर्बो २५ हजारांचा, काम अडतं गंजलेल्या नटावर: कोटेशनमध्ये नट-बोल्टची ओळ का हवी?



ट्रकचं गॅरेज सुरू करायचं ठरवलेल्या मुलांना मी पहिला प्रश्न विचारतो, "टर्बो बदलायची मजुरी किती घेणार?" उत्तर लगेच येतं. मग दुसरा प्रश्न, "आणि स्टड तुटला तर?" इथे सगळे गप्प होतात. आजचा धडा या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. व्हिडिओत काम कसं करायचं ते पाहिलंत. इथे त्या कामाचा हिशोब शिकू.

हे नट एवढे जाम का होतात?

टर्बो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लागून बसतो. गाडी भरलेली असेल आणि घाट चढत असेल तर तिथला धूर ६०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. गाडी थांबली की सगळं थंड. असं रोज तापणं-थंड होणं, वर्षानुवर्षं. त्यात लोखंडावर पापुद्रा धरतो आणि नट-स्टडचे आटे एकमेकांत घट्ट बसतात.

त्यात पाणी आणि मीठ आलं की विषय संपला. न्हावा-शेवाला फेऱ्या मारणारा कंटेनर, नाहीतर रत्नागिरीहून बर्फातली मासळी आणणारी गाडी बघा. सोलापूरकडच्या कोरड्या हवेतल्या गाडीला गंज कमी दिसेल, पण उष्णतेचा पापुद्रा तिलाही असतोच. म्हणून गाडी कुठे चालते, हा प्रश्न कोटेशन देण्याआधी विचारायचा.

आता खरा हिशोब

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. जागेचं भाडं १५,००० रुपये, दोन पोरांचा पगार ३६,०००, लाइट आणि किरकोळ ९,०००. महिन्याला एकूण ६०,०००. महिन्यात २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास. एका वेळी एकच गाडी घेत असाल तर गॅरेजचा एक तास तुम्हाला साधारण २९० रुपयांना पडतो.

टर्बो बदलायची मजुरी तुम्ही ४,००० सांगितली आणि काम ६ तासांत झालं. खर्च १,७४०, हातात उरले २,२६०.

तेच काम करताना एक स्टड मॅनिफोल्डमध्ये तुटला. तो काढायला ४ तास जास्त गेले, ड्रिल बिट आणि वेल्डिंगचे ५०० गेले. आता १० तासांचे २,९०० अधिक ५००, म्हणजे खर्च ३,४००. उरले फक्त ६००. यात तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही! शिवाय दुसरी गाडी बाहेर उभी राहिली ती वेगळीच.

काम तेच, गिऱ्हाईक तेच. एका स्टडने १,६६० रुपये खाल्ले.

"जुनेच टाक की!"

गाडीमालक हे म्हणणारच. त्याचंही चुकत नाही. त्याचा हप्ता चालू असतो आणि गाडी उभी राहिली की भाडं बुडतं. पण जुना गंजलेला नट परत लावला तर काय होतं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

गंजलेल्या आट्यांवर पाना 'टाइट' दाखवतो, पण ती ताकद गंजाशी झगडण्यातच जाते. फ्लँज नीट दाबली जात नाही. चार दिवसांनी नट ढिला होतो आणि पॅकिंगमधून धूर सुटतो. टर्बोला फिरवणारा दाबच बाहेर गेला तर हवा कमी भरते, ओढ कमी होते, काळा धूर येतो, डिझेल जास्त लागतं. मालक काय म्हणतो? "नवा टर्बोच खराब दिला." टर्बो चांगला, तुमचं नाव खराब. आणि दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे पैसे कोणी देत नाही.

नवे घेताना काय बघायचं

मी स्वतः दुकानात बसतो म्हणून सांगतो. "दहाचे चार नट द्या" एवढं सांगून माल नेऊ नका.

१. शक्यतो गाडीच्या पार्ट कॅटलॉगमधल्या नंबरचेच स्टड-नट घ्या. तापणाऱ्या जागेचं पोलाद वेगळं असतं.

२. पांढरे चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेले साधे बोल्ट इथे चालत नाहीत. जस्त साधारण ४२० अंशांना वितळतं.

३. स्टेनलेस म्हणजे जास्त मजबूत, हा गैरसमज आहे. बाजारात सहज मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ताकदीला ८.८ ग्रेडच्या साध्या पोलादी बोल्टपेक्षा कमी आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडा आवळला तर आटे जागेवरच चिकटतात.

४. आत नायलॉनची रिंग असलेला लॉक नट एक्झॉस्टच्या बाजूला कधीच नाही. नायलॉन वितळून जातं. पूर्ण धातूचा लॉक नट घ्या.

५. ऑइल पाइपच्या बोल्टचे तांब्याचे वायसर नवेच टाका. तिथून गळलेलं ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर आग लागू शकते. दहा-वीस रुपये वाचवायची ही जागा नाही.

काढताना वेळ वाचवणारा क्रम

गाडी आदल्या संध्याकाळी मागून घ्या. इंजिन गार झालं की तारेच्या ब्रशने आटे घासून गंज सोडवणारं ऑइल मारा आणि रात्रभर मुरू द्या. तापलेल्या मॅनिफोल्डवर स्प्रे मारायचा नाही, तो पेट घेतो.

सकाळी सहा कोनांचा सॉकेट लावा. बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. आधी किंचित आवळून बघा, मग सोडा. आवळताना 'कट्' असा आवाज आला की पकड सुटली समजा. थोडं सोडायचं, परत आवळायचं, परत सोडायचं. नुसती लांब नळी लावून जोर केला की स्टड गेला.

नाहीच हलला तर गॅस. ऑइल आणि डिझेलच्या पाइप बाजूला घ्या, राहिलेलं ऑइल पुसा, आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा आणि नट तापवा, स्टड नाही. नट फुगतो, पकड सुटते. तरी नाही तर नट उभा कापा. नट नवा येणारच आहे, स्टड वाचवायचा.

स्टड तुटलाच तर बाहेर राहिलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड करा आणि पान्याने फिरवा. ती उष्णताही कामाला येते. ड्रिल हा त्यानंतरचा मार्ग, आणि तोही बरोबर मध्यावर पंच मारून. तुटलेले स्टड काढायचं इझी-आउट सगळ्यात शेवटी, कारण ते आत मोडलं तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही.

बसवताना आटे टॅपने साफ करा. उष्णतेला चालणारं अँटी-सीझ कुठे लावायचं आणि टॉर्क किती ठेवायचा, दोन्ही मॅन्युअलप्रमाणे. आटे ओले असले की तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून अंदाजाने आवळू नका.

कोटेशन असं लिहा

चार ओळी, मराठीत, मालकाला कळेल अशा:

१. टर्बो: २५,०००
२. काढणं-बसवणं मजुरी: ४,०००
३. नवे स्टड, नट, पॅकिंग, तांब्याचे वायसर: ९००
४. स्टड तुटल्यास: वेल्ड करून निघाला तर प्रत्येकी ५००, ड्रिल करून आटे नवे करावे लागले तर प्रत्येकी २,०००. फोन केल्याशिवाय हे काम करणार नाही.

तिसरी ओळ टर्बोच्या किमतीच्या चार टक्केही नाही. चौथी ओळ तुमचं नुकसान अडवते. आणि तिच्यातलं शेवटचं वाक्य मालकाचा विश्वास मिळवून देतं.

काम सुरू करण्याआधी गंजलेल्या नटांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि बोला, "शेठ, फोटो बघा. हे नट तुटायची शक्यता आहे. तुटले तर खर्च किती ते खाली लिहिलंय. न तुटता निघाले तर चौथ्या ओळीचा एक रुपयाही लावणार नाही." जुने नट-स्टड पिशवीत घालून गाडी देताना परत द्या. माणूस बिल वाचत नाही, पण हातातला गंज बघतो.

काम झाल्यावर चौथी ओळ लागली नाही तर बिलात तिच्यापुढे '०' लिहा. गाळून टाकू नका. पुढच्या वेळी तोच मालक भावासाठी घासाघीस कमी करतो.

या आठवड्याचं काम

गॅरेज नसलं तरी चालेल. वॉटर प्युरिफायर दुरुस्ती असो, मोटर रिवाइंडिंग असो की फर्निचरचं काम, तुमच्या धंद्यातला 'गंजलेला नट' शोधा. म्हणजे जी अडचण वारंवार येते, वेळ खाते आणि बिलात कधीच दिसत नाही, ती. तुमचा एक तास कितीला पडतो ते काढा, त्या अडचणीत किती तास जातात ते लिहा, आणि पुढच्या कोटेशनमध्ये तिची एक ओळ घाला. काम हातात घेण्याआधी सांगितला तर तो दर असतो. नंतर सांगितला की तेच भांडण होतं.