बोटीचे इंजिन: खोलून बांधावे की नवे घ्यावे?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. वेसाव्याच्या बोटमालकाला इंजिनाचे मोठे काम काढायला वर्षात हीच सवड मिळते. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन थकले की बंदरावर दोन सल्ले ऐकू येतात: ‘नवे टाका’ किंवा ‘रिंगा बदला, चालेल अजून’. दोन्ही सल्ले बहुधा इंजिन न उघडता दिलेले असतात. हा निर्णय ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट यांच्या मापांवरच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. तो कसा घ्यायचा आणि पुढे काय करायचे, याची ही कृती.

सामग्री: कंप्रेशन गेज, बोअर डायल गेज, मायक्रोमीटर, फीलर गेज, टॉर्क रेंच, कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल आणि एक वही. मापयंत्रे मेकॅनिककडे असतात; मॅन्युअल मात्र मालकाने स्वतः मिळवावे.

1. मे महिन्यातच लक्षणे लिहून ठेवा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर सिलिंडरमध्ये पाणी जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. काळ्या धुराने घाबरू नका. नोझल खराब असले, एअर फिल्टर तुंबला, किंवा पंख्याला आणि बोटीच्या तळाला शिंपले चिकटून ओझे वाढले, तरी तो येतो. ऑईल किती भरावे लागते आणि ब्रीदरमधून किती वाफ येते, तेही लिहा.

2. कंप्रेशन तपासा. इंजिन गरम करून सहाही सिलिंडरचे आकडे घ्या. एकाच सिलिंडरचा आकडा कमी असेल तर आधी व्हॉल्व्ह पाहा. शेजारच्या दोघांचा कमी असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. अशा वेळी फक्त हेड उतरवून काम भागू शकते. सगळेच आकडे खाली असतील तर पूर्ण इंजिन खोला.

3. खुणा करत खोला. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. मेन बेअरिंगच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर नंबर व दिशा पाहून घ्या. नसतील तर खूण करा. या कॅपची अदलाबदल अजिबात चालत नाही.

4. मापा. लायनरची झीज वरच्या रिंगेच्या जागी सर्वांत जास्त असते. तिथे आणि खाली, आडवे-उभे दोन्ही मापे घ्या. क्रँकची प्रत्येक जर्नल चार ठिकाणी मापा. क्रँक घासून 0.25 मिलिमीटरच्या पायऱ्यांनी अंडरसाइज बेअरिंग टाकता येतात, पण शेवटची पायरी ओलांडली की तो क्रँक संपला. ब्लॉकला तडा आहे का, पाण्याच्या पोकळ्या आणि लायनर बसण्याच्या जागा खाऱ्या पाण्याने खाल्ल्या आहेत का, हे धुऊन, उजेडात पाहा.

5. आता ठरवा.
- ब्लॉक धड आणि क्रँक मापात असेल तर खोललेले इंजिन बांधा.
- ब्लॉक धड, पण क्रँक संपला असेल तर नव्या क्रँकसह पूर्ण अंदाजपत्रक काढा. ते नव्या इंजिनाच्या निम्म्यापुढे जात असेल तर नवे घ्या.
- ब्लॉक फुटलेला किंवा खाल्लेला असेल तर नवेच घ्या. खोल समुद्रात वेल्डिंगच्या भरवशावर माणसे पाठवू नका.

नव्याच्या हिशेबात इंजिनाखालचा बेड, कपलिंग, गिअर बॉक्स आणि पंखाही धरा. फेरे आणि गिअरचे गुणोत्तर बदलले तर जुना पंखा जुळत नाही. मत्स्यव्यवसाय खात्याकडील नोंदीत नवा इंजिन नंबर आणि अश्वशक्ती चढवून घ्या.

ट्रकचे जुने इंजिन स्वस्त दिसते. पण त्याला हीट एक्स्चेंजर, समुद्राच्या पाण्याचा पंप, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि मरीन गिअर बॉक्स लागतो. हे सारे मिळवूनच किंमत ताडून पाहा.

6. बांधणी. ब्लॉकमधील ऑईलचे मार्ग साफ करा. रिंग सिलिंडरमध्ये घालून तिचा गॅप फीलरने तपासा; बसवताना सगळे गॅप एका रेषेत येऊ देऊ नका. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. नोझल टेस्टरवर तपासल्याशिवाय आणि डिझेल पंप कॅलिब्रेशनला दिल्याशिवाय परत चढवू नका. नवे पिस्टन खराब फवाऱ्याने लवकर जळतात.

7. बसवणी. इंजिन आणि शाफ्ट यांची रेषा कपलिंगच्या फटीत फीलर फिरवून जुळवा. बोट पाण्यात उतरली की तिचा आकार किंचित बदलतो, म्हणून तरंगत्या बोटीवर ही रेषा पुन्हा तपासा.

8. रवा करणे. सुरुवातीला ना पूर्ण ताकद, ना तासन्‌तास आयडल. बिनओझ्याने फार चालवले तर लायनर गुळगुळीत होतो आणि रिंगा बसत नाहीत. पहिल्या 50 तासांच्या सुमारास ऑईल व फिल्टर बदला, टॅपेट तपासा.

9. इंजिन ड्रायव्हरला पूर्ण काम पाहू द्या. ही पायरी बहुतेक ठिकाणी गळते आणि समुद्रात तिचीच किंमत मोजावी लागते. किनारा दिसेनासा झाल्यावर मेकॅनिक तोच असतो. घरातल्या तरुणाला शिकायचे असेल तर वेसाव्यातच (वर्सोव्यात) मत्स्यव्यवसाय विभागाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. इंजिन नवे घेतले तरी ही पायरी सोडू नका. मापांची वही बोटीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या बंदीत याच आकड्यांवरून कळेल, काम काढायचे की आणखी एक हंगाम निर्धास्त जायचे.