डेबिट की क्रेडिट, खिशाला किती पडतं?

पासबुक भरून आणलं की वर्षातून एकदा २३६ रुपयांची वजावट दिसते आणि ती कसली हे बऱ्याच जणांना कळत नाही. स्टेट बँकेच्या साध्या डेबिट कार्डाची ती वार्षिक देखभाल फी आहे. एप्रिल २०२४पासून २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. इतर बँकांचे आकडे थोडे वर-खाली असतात. ‘प्लॅटिनम’सारखं भारदस्त नाव असलेलं कार्ड घेतलं की फी आणखी चढते. यूपीआयवरच सगळा व्यवहार करणाऱ्याला आणि महिन्यातून एकदा एटीएमला जाणाऱ्याला अशा कार्डाचा काहीच उपयोग नाही. शाखेत जाऊन सर्वांत स्वस्त रुपे कार्ड मागावं. खातं जनधन किंवा मूलभूत बचत प्रकारातलं असेल तर रुपे कार्डाला वार्षिक फी लागतच नाही.

डेबिट कार्डाचा बाकीचा खर्च असा किरकोळ तुकड्यांत येतो. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत ३, इतरत्र ५. पुणे, नाशिक, नागपूर, पणजी त्या सहांत नाहीत, त्यामुळे तिथे पाचाची सवलत मिळते. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो, हे लक्षात ठेवावं. मोफत संख्या संपली की १ मे २०२५पासून दर व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आकार आणि वर जीएसटी, म्हणजे साधारण २७ रुपये. खात्यात पुरेसे पैसे नसताना एटीएममधून रक्कम मागितली आणि व्यवहार नाकारला गेला, तर अनेक बँका त्याचेही २० ते २५ रुपये अधिक जीएसटी लावतात. उलट यंत्राने पैसे दिले नाहीत पण खात्यातून मात्र वजा झाले, तर ते ५ दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची, आणि तीही न मागता. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१९चा आहे. भरपाई जमा झाली नसेल तर लेखी तक्रार करावी.

आता क्रेडिट कार्ड. इथे पैसे बँकेचे असतात. बँक दुकानदाराला रक्कम देते, ठरल्या तारखेला बिल काढते आणि ते भरायला आणखी काही दिवस देते. खरेदीच्या तारखेनुसार ही बिनव्याजी मुदत ४५ ते ५० दिवसांपर्यंत जाते. ‘दीड महिना फुकट पैसे’ असं विक्रेता सांगतो. त्या फुकटची किंमत मोजून पाहू. २०,००० रुपयांचा फ्रिज डेबिटवर घेतला असता तर ती रक्कम लगेच खात्यातून गेली असती. क्रेडिटवर घेतल्यामुळे ती ४५ दिवस बचत खात्यात राहिली. वर्षाला २.५ टक्के व्याजाने त्यावर मिळाले सुमारे ६२ रुपये. रिवॉर्ड पॉइंट धरले तर आणखी शे-दोनशे. क्रेडिट कार्डाचा खरा फायदा एवढाच, तोही बिल पूर्ण आणि वेळेवर भरणाऱ्यालाच.

बिल पूर्ण न भरणाऱ्याचा हिशेब अगदी वेगळा आहे. फ्रिज ५ जूनला घेतला, बिल २० जूनला आलं, भरायची शेवटची तारीख ८ जुलै. बिलावर ठळक अक्षरात ‘किमान देय रक्कम’ १,००० रुपये असते. ती भरली की विलंब शुल्क लागत नाही, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण पूर्ण रक्कम न भरल्याने बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. बँकांच्या नेहमीच्या पद्धतीने ८ जुलैपर्यंतच्या ३३ दिवसांचं व्याज ७५९ रुपये होतं. उरलेले १९,००० रुपये ८ ऑगस्टला भरले तर त्याचे आणखी ६७८. या व्याजावर १८ टक्के जीएसटी. एकूण १,६९६ रुपये. शिवाय मधल्या काळात त्याच कार्डावर किराणा घेतला असेल तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज. हे असं वर्षभर चाललं की फ्रिजची किंमत कुठल्या कुठे जाते.

या दराला वरून कुणी चाप लावेल अशी आशा धरू नये. व्याज ३० टक्क्यांहून जास्त नको, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द ठरवला. म्हणून क्रेडिट कार्ड घेतानाच ऑटो पे ‘पूर्ण रकमेवर’ लावून घ्यावा. अर्जात बऱ्याचदा ‘किमान रक्कम’ हाही पर्याय असतो. त्यावर खूण झालेली नाही ना, ते तपासावं.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणं हा तर सर्वांत महाग व्यवहार. ५,००० रुपये काढले तर फी साधारण अडीच टक्के, पण किमान ५००. जीएसटीसह ५९० रुपये. बिनव्याजी दिवस रोख रकमेला मिळत नाहीत, त्यामुळे महिनाभरात व्याज आणि त्यावरचा कर मिळून आणखी २०४. पाच हजारांसाठी ७९४ रुपये! त्याच एटीएमवर डेबिट कार्डाला जास्तीत जास्त २७ लागले असते.

मग क्रेडिट कार्ड वापरायचंच कशाला? याचं माझं उत्तर सुरक्षितता हे आहे. डेबिट कार्डावर फसवणूक झाली तर पगाराचे पैसे जातात आणि ते परत येईपर्यंत घराचा हप्ता अडतो. क्रेडिटवर बिलातली एक नोंद वादात पडते, बचत खातं शाबूत राहतं. दोन्हींना रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाचं संरक्षण आहे. चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. त्रयस्थाने माहिती चोरली असेल आणि व्यवहाराचा संदेश आल्यावर ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ, मूलभूत खात्याला ५,०००. क्रेडिट मर्यादा ५ लाखांपर्यंत असेल तर तिथेही १०,०००. तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. म्हणून आधी कार्ड बंद करावं, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, नातेवाइकांना फोन नंतर.

ऑनलाइन खरेदी, हॉटेलची अनामत, परदेशातलं बुकिंग यांसाठी क्रेडिट आणि एटीएमसाठी डेबिट, अशी वाटणी मला योग्य वाटते. डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ॲपमधून बंद करून ठेवता येतात, ते बंद ठेवावेतच. मुलांकडे अमेरिकेला किंवा दुबईला जाणाऱ्यांनी एवढं पाहावं की बहुतेक कार्डांवर परकी चलनाच्या खर्चाला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे एक लाखाला ४,१३० रुपये. तिथल्या दुकानात ‘रुपयांत घेऊ का’ असं विचारलं तर नको म्हणावं. तो विनिमय दर सहसा आणखी महाग पडतो.

आपल्याकडे एखादा दुकानदार डेबिट कार्डावर दोन टक्के जादा मागत असेल तर देऊ नयेत. हा भार ग्राहकावर टाकायला मनाई आहे, आणि रुपे डेबिट कार्डावर तर १ जानेवारी २०२०पासून दुकानदारालाही आकार लागत नाही.

क्रेडिट कार्ड झेपत नाही असं वाटलं तर सगळी बाकी भरून ते बंद करण्याची विनंती ईमेलने किंवा ॲपवरून करावी, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे. केलं नाही तर बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये तिने ग्राहकाला द्यायचे. दाद मिळाली नाही तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला काहीही फी नाही.