कोणाचे? कुठे? कोणाला?

मुलांनो, एखादी वस्तू कोणाची आहे आणि ती कुठे आहे, हे आपण रोज कितीतरी वेळा सांगतो. उर्दूत त्यासाठी तुम्ही 'का, की, के', 'में', 'पर', 'के पास' असे शब्द वापरता. मराठीत हे कसे सांगतात, ते आज मालवणच्या किल्ल्याच्या मदतीने शिकू या. आधी हा उतारा मोठ्याने वाचा.

मालवणच्या समोर समुद्रात कुरटे नावाचे बेट आहे. या बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी तो १६६४ ते १६६७ या काळात बांधला. किल्ल्याचा तट मजबूत आहे. किल्ल्याची वाट पाण्यातून जाते, म्हणून होडीत बसावे लागते. किल्ल्याचे दार बुरुजांच्या आड लपलेले आहे. चहूकडे खारे पाणी. पण किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. महाराजांच्या आरमारात दौलतखान हे मोठे अधिकारी होते. २०२५ साली युनेस्कोने महाराष्ट्र व तमिळनाडूतील बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत सिंधुदुर्गही आहे.

१. चा, ची, चे

किल्ल्याचा तट, किल्ल्याची वाट, किल्ल्याचे दार. किल्ला एकच, मग प्रत्यय तीन का? कारण प्रत्यय मालकाकडे पाहत नाही, वस्तूकडे पाहतो. उर्दूतही तसेच आहे : 'अहमद का क़लम', 'अहमद की किताब'. पण उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. घर, दार, पाणी, जहाज, पुस्तक हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. म्हणून 'अहमदचे पुस्तक' असे लिहा.

अनेकवचनात : किल्ल्याचे बुरूज, किल्ल्याच्या विहिरी, किल्ल्याची दारे.

वस्तूच्या नावाला पुढे प्रत्यय लागला, की तिन्ही लिंगांत 'च्या' येतो : किल्ल्याच्या तटावर, किल्ल्याच्या वाटेवर, किल्ल्याच्या दारात.

२. त, वर, समोर

उर्दूत 'क़िला' या शब्दाचे 'क़िले में' होते. पण 'घर में', 'समंदर में' म्हणताना शब्द बदलत नाही. मराठीत असे शब्दही बहुधा बदलतात : घर – घरात, समुद्र – समुद्रात, बेट – बेटावर, विहीर – विहिरीत. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात.

३. माझ्याजवळ, माझ्याकडे की मला?

येथे नीट लक्ष द्या. चुकीचा प्रत्यय लागला, तर अर्थच बदलतो.

माझ्याजवळ पाच रुपये आहेत. (आता सोबत आहेत.)
माझ्याकडे होडी आहे. (ती सोबत नसेल, घाटावर असेल, पण आहे.)
मला दोन भाऊ आहेत. (नाते)
होडीला शीड आहे. (होडीचाच भाग)

'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल, दोन भाऊ तुमच्यापाशी उभे आहेत किंवा राहतात. बाकीचे दुसरीकडे असतील. 'होडीत शीड आहे' म्हटले, तर शीड काढून होडीत ठेवले आहे, असा अर्थ होईल. म्हणून लक्षात ठेवा : नाते आणि अवयव यांसाठी 'ला', सोबतच्या वस्तूसाठी 'जवळ', मालकीच्या वस्तूसाठी 'कडे'.

४. बाजारात ऐका, वहीत लिहा

मालवणच्या बाजारात तुम्ही 'माझो भाव' आणि 'माझां घर' असे ऐकता. ही मालवणी बोली आहे. ती चुकीची नाही. तिचे नियम वेगळे आहेत. मालवणीत 'माझो' पुल्लिंगी आणि 'माझां' नपुंसकलिंगी. पुस्तकातील मराठीत मात्र 'माझा' पुल्लिंगी असतो. म्हणून कानावर 'माझां घर' पडले, तरी वहीत 'माझे घर' असेच लिहा. 'माझी होडी' दोन्हीकडे सारखीच.

शब्दार्थ

तट – फ़सील. बेट – जज़ीरा. आरमार – बहरी बेड़ा. शीड – बादबान. खारे – नमकीन

स्वाध्याय

१. योग्य प्रत्यय लावा : (अ) समुद्रा— पाणी खारे आहे. (आ) विहिरी— पाणी गोड आहे. ते विहिरी— आहे. (इ) सलमा— तीन बहिणी आहेत.
२. अर्थातील फरक सांगा : 'आजोबांकडे जाळे आहे.' 'आजोबांजवळ जाळे आहे.'
३. तुमच्या घरात काय काय आहे व ते कोणाचे आहे, हे सहा वाक्यांत लिहा.