खरं सांगितल्यावर घरात काय होतं?

प्रश्न : मुलगा नववीत आहे. क्लास बुडवून उल्हास नदीवर जातो, विचारलं की खोटं बोलतो, वर चिडतो. रोज मनाचे श्लोक म्हणायला बसवते, तर त्यावरूनही भांडण. काय करू?
– एक आई, मोहने

उत्तर : ताई, श्लोक शिक्षा म्हणून नकोत. समर्थांनी 205 श्लोकांत मनाची समजूत काढलीय, पोरांना दटावलेलं नाही. एकच श्लोक घ्या, तोही आधी तुम्ही म्हणा.

खोटं बहुधा भीतीपोटी येतं. गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं आणि चिठ्ठी लिहून वडिलांना कबुली दिली. आजारी वडिलांनी ती वाचली, डोळे भरून आले, चिठ्ठी फाडून टाकली. ना मार, ना शिव्या. 'सत्याचे प्रयोग'मधलं ते प्रकरण दोघं मिळून वाचा. खरं सांगितलं की मोबाईल जप्त होणार असेल, तर पोरगं खरं बोलेल कशाला? आणि हप्तेवाल्याचा फोन आला की "बाबा घरी नाहीत म्हणून सांग", हेही बंद करा.

तो चिडलेला असताना उलटतपासणी नको. जेवणं होऊ द्या, मग बोला. नदीचं मात्र आजच ठणकावून सांगा : पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. तिथे माघार घेऊ नका.