भिंतीवरचे पुस्तक

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात चाल्डन नावाचे लहान गाव आहे. तिथले चर्च, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे देऊळ, तसे साधेच. पण त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर सुमारे १२०० सालचे मोठे चित्र आहे. रंग गेरूसारखा तांबडा. रुंदी १७ फूट, उंची ११ फूट.

त्या काळी शेतकऱ्याला अक्षर येत नसे. प्रार्थना लॅटिनमध्ये चाले, तीही त्याला कळत नसे. भिंत मात्र त्याला वाचता येई.

मधोमध उंच शिडी आहे. माणसं वर चढतात, कुणी धडाधड खाली पडतात. देवदूत तराजूत पापपुण्य तोलतो आहे, आणि सैतान हळूच दांडी मारतो आहे! खाली करवतीसारख्या दातेरी फळीवर लबाड कारागीर. लोहाराला ऐरण नाही, कुंभाराला चाक नाही. सावकार तर आगीतच बसवलाय, गळ्यात पैशांची पिशवी. आम्हांला वाटते, हा काढताना चिताऱ्याने मन लावले असावे.

पुढे धर्मात फेरबदल झाले. देवळात चित्रे नकोत म्हणून भिंतीला चुना फासला. १८६९ साली पुन्हा चुना लावायची तयारी चालली असता पाद्रीबाबांना भिंतीवर रंग दिसला. त्यांनी काम तिथेच थांबवले. मग जुना चुना काढला, तर खाली शिडी, तराजू, सावकार, सगळे होते.